तांबडदाढे, काळदाढे आणि मधली दरड

सुगी आली की माझे बुटके जागे होतात. वय पंचेचाळीसच्या पुढे गेलं, बेळगावच्या कॅम्पातल्या एका शाळेत मी चित्रकलेची बाई आहे, पर्समध्ये दोन चष्मे बाळगते, तरी होतात. उचगावच्या आमच्या शेतात भात आडवं पडायला लागलं, कापलेल्या धाटांचा तो गोडसर ओला वास बांधापर्यंत आला, की तांबड्या मातीखाली कुठेतरी घण पडतोय असं वाटायला लागतं. मग मी शाळेत रजेचा अर्ज देते. कारणाच्या जागी 'घरगुती काम' असं लिहिते. डोंगराखाली माझं आख्खं एक राज्य आहे, हे कारण अर्जात बसत नाही.

बुटके आले ते आमच्या घरातूनच. उंची आमच्याकडे कुणालाच मिळालेली नाही. आप्पा, म्हणजे माझे वडील, माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर स्टूल ठेवतात. प्रार्थनेच्या रांगेत मी कायम सगळ्यांत पुढे. आणि सुमी, माझी आतेबहीण, माझ्याहून एक वर्षानं लहान आणि दोन बोटं कमी. ती निपाणीची. मी अकरा वर्षांची होते तेव्हा आत्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिच्याबरोबर सुमीही आली, दोन महिने राहिली. ते दोन महिने नेमके सुगीचे होते. भात कापायला आलेल्या बायका आम्हाला बघून म्हणायच्या, "आल्या बघ दोन बुटक्या." सुमी रडवेली व्हायची. मला राग यायचा, आणि राग आला की मला काहीतरी सुचतं. मी सुमीला सांगितलं, आपण आहोतच बुटक्या, डोंगराखाली राहणाऱ्या. ह्या बायका जिथं उभ्या आहेत त्याच्या खाली आपलं गाव आहे आणि त्यांना ठाऊक नाही. सुमीनं नाक पुसलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मग दाढी पायजे की गं, आक्का?"

दाढी हवीच होती. पिंजाराची, म्हणजे मळणी झाल्यावर उरतो त्या भाताच्या पेंढ्याची, दाढी आम्ही सुतळीनं कानांना बांधली. बायकांनाही दाढी असायची का, यावर अर्धा दिवस वाद झाला आणि असायची असं ठरलं. माझ्या दाढीला मी बांधावरची तांबडी माती चोळली. सुमीनं पातेल्याच्या बुडाची काजळी चोळली, कारण निपाणीची माती काळी. असे दोन समाज झाले, तांबडदाढे आणि काळदाढे. आमची राणी घणाबाई. त्यांचा राजा ऐरणाप्पा. दोघं पूर्वी एकाच डोंगरात राहत, एकाच भट्टीवर भाकरी भाजत. डोंगराचं नाव पाठमोरा डोंगर. मग बोगद्यात मधोमध दरड कोसळली, अर्धे इकडे राहिले, अर्धे तिकडे. आता दोन्हीकडून खणत यायचं आणि मध्ये भेटायचं. एवढा सगळा इतिहास आम्ही एका दुपारीत उरकला, तोही भुईमुगाच्या शेंगा फोडत.

खणायला डोंगर कुठला आणायचा? खळ्याच्या मागे पिंजाराची गंजी होती. मधोमध मेढ रोवलेली आणि भोवती माणसाच्या दुप्पट उंच पिंजार रचलेलं. एका बाजूनं मी शिरायची, दुसऱ्या बाजूनं सुमी. त्यातला तो उबदार अंधार मला अजून हातात धरता येतो. नाकात कुसळं जायची, कानामागे खाज सुटायची, आत आपलाच श्वास ऐकू यायचा आणि बाहेरची माणसं लांब कुठेतरी बोलत आहेत असं वाटायचं. आप्पांनी आधी दोघींना बाहेर ओढून काढलं. मग आमचं म्हणणं ऐकून घेतलं आणि एका अटीवर परवानगी दिली. तरुणपणी त्यांनी आजोबांबरोबर विहिरी खणल्या होत्या. विहिरीच्या कामाचा एक नियम त्यांनी आम्हाला सांगितला, मेढीवर काठीनं तीन ठोके द्यायचे. पुढेही ते काही बोलले, पण मी तोवर गंजीत अर्धी शिरले होते.

सुगी संपता संपता खडेबाजारातून त्यांनी आम्हाला दोन वह्या आणल्या. दोनशे पानी, दोन्हींना एकसारखं निळं कव्हर. ठरलं असं की मी तांबडदाढ्यांचा इतिहास लिहायचा, सुमीनं काळदाढ्यांचा. एकमेकींना दाखवायचा नाही. बोगदा जुळला की दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचायच्या. त्या वह्यांना किती जपलं आम्ही. मी तर अंघोळीला जातानाही ती नजरेसमोर ठेवायची.

आणि मग तो दिवस. आज लिहितानाही माझे कान गरम होतात. बोगदा जुळायला हातभर अंतर राहिलं असेल. मी मेढीवर तीन ठोके दिले. पलीकडून काही नाही. कान लावला, सळसळ नाही, श्वास नाही. पुन्हा तीन दिले. काहीच नाही. मला वाटलं, ही कंटाळून बाहेर गेली, आत्याकडे लाडू खात बसली असेल. मग मी दोन्ही हातांनी पिंजार ओढायला लागले, रागानं, कसंही. वरची गंजी घसरली. पाय तेवढे बाहेर राहिले, बाकी सगळी मी पिंजारात गाडली गेले. आप्पांनी आणि दोन गड्यांनी मला पायाला धरून काढलं तेव्हा माझ्या तोंडात, कानांत, झग्यात सगळीकडे पिंजार होतं. आणि दुसऱ्या बाजूनं सुमी बाहेर आली. तिच्या बाजूचं काहीच पडलं नव्हतं. केसात एक काडी नाही. मी सगळ्या बायकांसमोर ओरडले, "ही आत नव्हतीच. मी ठोकत होतो आणि ही पळून गेलती. भित्री हाय ही." आमच्याकडे मुलीसुद्धा 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. शाळेत शिकवायला लागल्यावर ते मी घासून काढलं, पण त्या वाक्यात ते अजून तसंच आहे.

सुमी एक शब्द बोलली नाही. दोन दिवसांनी तिचे वडील जीप घेऊन आले आणि आत्या, बाळ, सुमी असे सगळे निपाणीला गेले. त्यानंतर ती सुगीला कधी आली नाही.

म्हणजे भेटलो आम्ही. लग्नांत भेटलो, बारशांत भेटलो, आत्या गेली तेव्हा भेटलो. मुलांची शाळा, गुडघे, साड्या, सगळ्यावर बोललो. बुटक्यांवर नाही. लग्न झालेल्या दोन बायका मांडवात ताट घेऊन बसल्या आहेत आणि एक दुसरीला विचारते आहे की तुझा ऐरणाप्पा बरा आहे का, हे कसं जमायचं? पण दर सुगीला मी फोन करायचे. "सुमे, भात कापाय घेतलंय. ये की यंदा." तिकडून तेच, "बघू गं, आक्का." आणि मला तो जुना राग यायचा, तेवढाच ताजा. इतकी वर्षं मी ठोकते आहे आणि ही वळून बघत नाही.

माझी वही मात्र मी सोडली नाही. सुरुवातीला हट्टानं लिहिली, पुढे सवय झाली, आणि मग, खरं सांगायचं तर, त्यात मला आनंद वाटायला लागला. वही भरली तशी दुसरी शिवून जोडली. तांबडदाढ्यांच्या घरांना भाताच्या मुळांचं छत आहे. मुळं ओली असली की पावसाळा, सुकून गळायला लागली की सुगी, असं ते खालूनच ओळखतात. त्यांच्यात रागावलेल्या माणसाला दाढीचं टोक कापून द्यावं लागतं, म्हणून रागीट माणसं लांबूनच ओळखू येतात. घणाबाईची दाढी पार हनुवटीला आली आहे. दर संध्याकाळी ते दरडीवर तीन ठोके मारतात. राणी विचारते, "आला का?" सगळे म्हणतात, "न्हाय आला." मग जेवायला बसतात. पुढच्या पिढ्यांना कोण आला, कोण नाही आला, हेच ठाऊक उरलं नाही. त्यांना वाटतं, जेवायच्या आधी म्हणायचा हा श्लोक आहे. लहान मुलं तर भूक लागली की 'न्हाय आला, न्हाय आला' म्हणून आईच्या मागे लागतात. हे पान लिहिलं तेव्हा मी हसले होते.

मला एकच गोष्ट हवी होती. सुमीनं तिची वही लिहिली का, एवढंच. तिनं ती पहिल्याच आठवड्यात चुलीत घातली असेल, तर पलीकडे काही नव्हतं. नुसती माती होती, आणि माझं अर्धं जग एका भिंतीला टेकून उभं होतं. हे कुणाला सांगावं? नवऱ्याला एकदा सांगितलं, तो चहा घेता घेता म्हणाला, "विचार की तिला सरळ." सरळ विचारायला मी घणाबाईची पणती कशाला झाले असते?

यंदा परवाची गोष्ट. सकाळी दहाची वेळ. खळ्यावर मळणी मशीन धडधडत होतं, कोंडा उडत होता, मी तोंडाला ओढणी बांधून पोत्याचं तोंड धरून उभी होते. कमरेला खोचलेला फोन थरथरला. सुमीनं पाठवलेला फोटो. बाकी काही लिहिलेलं नाही. फोटो उघडला तर निळं कव्हर. कोपरे उंदरांनी खाल्लेले, पण तेच निळं. मी पोतं सोडलं. भात पायावर सांडलं आणि आप्पा ओरडले, "अगं धर की! ध्यान कुठं हाय?" ध्यान निपाणीत होतं.

दुसरा फोटो आला. तिसरा आला. मग येतच राहिले. माळा झाडताना सापडली, असं तिनं मध्येच एकदा लिहिलं आणि पुन्हा पानं. मी बांधावरच्या सावलीत बसले आणि वाचत सुटले. काय सांगू, होते. काळदाढे होते. आणि कसे होते! त्यांचे आकडे कानडी झाले होते. ओंदु, एरडु, मूरु असे ते घण मोजत होते. त्यांच्या छताला तंबाखूची मुळं होती, वखारींचा वास खाली झिरपायचा आणि त्यांना सारख्या शिंका यायच्या. म्हणून त्यांच्यात शिंक आल्याशिवाय शपथ धरत नाहीत. लग्नात नवरानवरी एकमेकांसमोर शिंक येईपर्यंत बसून राहतात, एक जोडपं म्हणे तीन दिवस बसलं होतं. दाढी ते कापत नाहीत, कमरेला गुंडाळतात आणि तीत जेवणाची शिदोरी बांधतात. आमच्या लोकांबद्दल त्यांच्याकडे काय काय समजुती! तांबडदाढे उलटे झोपतात. तांबडदाढ्यांची भाकरी तांबडी असते. तांबडदाढे फार मोठ्यानं बोलतात. शेवटचं खरं आहे. मी बांधावर एकटी बसून मोठ्यानं हसत होते आणि मशीनवरचे गडी माझ्याकडे बघत होते.

एकाच डोंगरातले लोक, एकाच भट्टीचे, आणि मध्ये हातभर दरड. तेवढ्यात एवढं वेगळेपण उगवतं. मला वाईट वाटायला हवं होतं का? मला तर पंख फुटले होते. आपण एकट्यानं रचलेल्या जगात कितीही फिरलं तरी कोपऱ्याआड काय आहे ते आधीच ठाऊक असतं. इथे कोपऱ्याआड खरंच कुणीतरी होतं, मला न विचारता जगत होतं, शिंकत होतं.

मग ते पान आलं. अक्षर बाकीच्या पानांपेक्षा लहान, दहा वर्षांच्या मुलीचं, पेन्सिलीनं लिहिलेलं. सगळ्यात जुनं पान असणार, पण तिनं ते शेवटी पाठवलं. त्यावर लिहिलं होतं: 'तीन ठोके आले. ऐरणाप्पा म्हणाला, हात थांबवा. सगळ्यांनी घण खाली ठेवले. कोणी बोलले नाही. कोणी हलले नाही. तांबडदाढे येणार म्हणून एक ताट जास्त वाढले. परत तीन ठोके आले. आम्ही वाट बघितली. तांबडदाढे आले नाहीत. डोंगर आला.' त्याखाली, बहुधा खूप नंतर, शाईनं एक ओळ: 'अजून रोज एक ताट जास्त वाढतात.'

मशीन थांबलं होतं. चहा आला होता. मी आप्पांसमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "आप्पा, विहिरीत तीन ठोक्यांचा अर्थ काय होता?"

आप्पा पंच्याहत्तरीचे. बशीतला चहा संपवल्याशिवाय ते उत्तर देत नाहीत. "तुमास्नी सांगितलं न्हवतं व्हय?" ते म्हणाले. "खालचा माणूस पहारीनं दगडावर तीन ठोके देतोय. म्हंजे मी वर येतोय. वरच्यानं मग हात थांबवायचा. मातीची बुट्टी सोडायची न्हाय, दोर हलवायचा न्हाय, तोंडातनं शबूद काढायचा न्हाय. बोलाय लागलं की ध्यान जातंय, आन् दगड सुटला की खालच्याचं डोस्कं फुटतंय. खालचा डोळ्यानं दिसंस्तवर वरचा गप."

"आणि उलट ठोके द्यायचे नाहीत?"

"उलट कशाला? ठोकलंय त्यानं यायचं असतंय."

चहाचा पेला माझ्या हातात तसाच राहिला. सुमी आत होती. सगळा वेळ आत होती. अंधारात, नाकात कुसळं घेऊन, हात थांबवून, श्वास धरून बसली होती, कारण मी येणार होते. तिच्या बाजूचं पिंजार पडलं नाही कारण ती हललीच नव्हती. नियम तिनं पाळला होता, पूर्ण. अर्धा नियम ऐकून गंजीत शिरलेली मी होते. आणि तिला मी भित्री म्हटलं होतं, सगळ्यांसमोर. बाहेर आल्यावर ती बोलली का नाही, हे मला आत्ता कळलं. तिला वाटलं असणार, आक्काला नियम ठाऊकच आहे.

आणि मग पुढची सगळी वर्षं. दर सुगीला माझा फोन, ये की यंदा. माझे ठोके. मी ठोकत राहिले आणि जागेवर बसून राहिले. उचगावहून निपाणी म्हणजे काय समुद्रापलीकडे आहे? दोन एसट्या आणि एक घाट. लग्नाला गेले, बारशाला गेले, आत्या गेली तेव्हा गेले. पण तिच्याकडे म्हणून, नुसती तिच्याकडे, एकदाही गेले नाही.

मी पेला खाली ठेवला. आप्पांना म्हटलं, "मी निपाणीला जाऊन येते."

"आता? मळणी टाकून?"

"व्हय."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग नव्या भाताच्या पोत्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मोकळ्या हातानं जाऊ नगंस. आन् केसातलं पिंजार काढ."

केसातलं पिंजार मी काढलं नाही. घरातून माझी वही घेतली, पिशवीत शेर-दीड शेर नवं भात बांधलं आणि बेळगावच्या स्टँडवर निपाणीची बस धरली. खिडकीची जागा मिळाली. हा रस्ता मी किती वेळा गेले आहे, पण त्या दिवशी जागेवर स्वस्थ बसवेना. हत्तरगीपर्यंत माती तांबडी. मग मध्ये कुठे तपकिरी, कुठे करडी. संकेश्वर मागे पडलं आणि नांगरलेली शेतं काळी दिसायला लागली. मी लहान मुलासारखं काचेला नाक लावून बघत होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, "पहिल्यांदाच चाललाय काय?" मी म्हटलं, "व्हय, पहिल्यांदाच." तवंदी घाट लागला. बोगदा नाही त्या घाटात, नुसती वळणं आहेत, पण आम्ही डोंगराच्या पोटातून चाललो आहोत असंच मला वाटत होतं. मागच्या बाकांवर सगळे तांबडदाढे बसले होते, घणाबाई पुढे, आणि मुलं विचारत होती, आला का, आला का.

सुमीला फोन केला नव्हता. तिच्या शेवटच्या पानाला उत्तरही दिलं नव्हतं. ते पान बघून मी गप्प झाले, हे तिला फोनवर दिसत असणार. तिनंही पुढे काही पाठवलं नव्हतं.

साडेपाचला तिच्या दारात पोचले. ऊन अजून भिंतीवर होतं. दार नुसतं लोटलेलं. आत मिक्सर चालू होता, फोडणीचा वास येत होता, रेडिओवर कानडी बातम्या चालल्या होत्या. मी बेल वाजवली नाही. बोटांची गाठ लाकडावर धरली आणि दिली.

एक. दोन. तीन.

मिक्सर थांबला. रेडिओ बंद झाला. कुणी 'कोण आहे' म्हटलं नाही. पावलं वाजली नाहीत. आत एवढी शांतता झाली की माझा श्वास मला ऐकू यायला लागला. पूर्वीची मी असते तर पुन्हा तीन ठोके दिले असते.

मी दार ढकललं आणि चपलांसकट आत गेले. सुमी ओट्यापाशी उभी होती. वाटणानं माखलेला उजवा हात तिनं तसाच हवेत धरला होता. डोळे भरून आले होते, पण ती ना हलली, ना बोलली. मी चालत तिच्यापर्यंत गेले, अगदी समोर जाऊन उभी राहिले. तिनं माझ्याकडे बघितलं, माझ्या केसातल्या काड्यांकडे बघितलं.

मग म्हणाली, "आता हलू का गं, आक्का?"